सासू तिकडं, सून इकडं

माझी ओटी भरायला सासूबाईंना नारळ हवा होता आणि तो मिळेना. शेवटी दिलीपनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सुपरमार्केटातून एक आणला. सोललेला, गुळगुळीत, शेंडीचा पत्ता नाही. सासूबाईंनी तो हातात फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "ह्यो नारल हाय का चेंडू?" तरी त्यांनी तोच माझ्या पदरात घातला, मूठभर तांदूळ घातले, कुंकू लावलं. सून घराबाहेर पडते तेव्हा तिची ओटी रिकामी नको, एवढं त्यांना ठाऊक होतं. सून कुठं चालली आणि का, हे मात्र आम्ही दोघं पंधरा दिवस समजावत होतो आणि ते त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. शिरणार तरी कसं? त्या पंधरा दिवसांपूर्वीच पनवेलहून न्यू जर्सीला आल्या होत्या, कायमचं राहायचे कागद घेऊन. आणि सहा वर्षं त्या घरात स्वयंपाक करणाऱ्या मला तिथल्या सरकारनं देशाबाहेर काढलं होतं.

नेहा दारात उभी होती. पाच वर्षांची. मी तिला सांगितलं, आजी आहे ना तुझ्याजवळ, मी सहा महिन्यांत येते. ती म्हणाली, "किती वेळा झोपलं की सिक्स मन्थ्स होतात?" मी म्हटलं, थोड्याच वेळा. जिन्यावरून खाली उतरले तेव्हा मला वाटलं आपण आता ओरडणार. ओरडले नाही. दिलीप बॅग उचलून पुढं चालत होता आणि त्याला मागं वळून बघायचा धीर नव्हता.

आता मुळापासून सांगते, कारण पनवेलात ही गोष्ट अर्धीच फिरते आणि अर्धी गोष्ट फार वाईट असते.

मी सुकापूरची. दिलीपचं गाव उरणकडचं, मिठागरं आणि भातशेती. ती जमीन नव्या शहरासाठी गेली आणि त्यांचं बिऱ्हाड नवीन पनवेलात दुसऱ्या मजल्यावर आलं. दिलीप आयटीआय करून बोटीवर फिटर झाला, पुढं न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात चिकटला, साहेबानं त्याचे कागद करून दिले. लग्नासाठी तो तीन आठवड्यांची रजा काढून आला. वेळ वाचावा म्हणून बाबांनी माझा पासपोर्ट आधीच काढून ठेवलेला. त्यावर नाव कुसुम, पुढं बाबांचं नाव, मग माहेरचं आडनाव. आणि लग्नात काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. ताटात तांदूळ पसरले, दिलीपनं अंगठीनं त्यात 'मानसी' लिहिलं, सगळ्यांना साखर वाटली. आपल्याकडं ह्याचं कुणाला काही वाटतं का? माझ्या आईचंही तसंच झालं होतं, तिच्या आईचंही. कुसुम माहेरी राहिली, मानसी सासरी आली. आठ दिवसांत मी मानसी म्हटल्यावर ओ द्यायला लागले.

पण सासर सातासमुद्रापार. दिलीपकडं तिथं राहायचं कार्ड होतं, पण तो अजून तिथला नागरिक नव्हता. अशा माणसाच्या बायकोला रांगेत थांबावं लागतं. किती वर्षं, ते कुणी छातीठोक सांगेना. नवऱ्याची रजा तीन आठवड्यांची आणि बायकोची रांग वर्षानुवर्षांची. मग ओळखीतला एक शहाणा भेटला. असा एक प्रत्येकाला भेटतोच. तो म्हणाला, "अहो, पोरीचा पासपोर्ट कुमारिकेचाच आहे ना? मग पाहुणी म्हणून जाऊ द्या की. तिकडं गेल्यावर बघता येईल."

मुंबईला अमेरिकेच्या वकिलातीत व्हिसाच्या खिडकीपाशी जायच्या आधी मी मंगळसूत्र काढून पर्समध्ये टाकलं. जोडवी तर घरीच काढली होती. खिडकीतल्या बाईनं विचारलं, लग्न झालंय का? मी म्हटलं, नाही. कशाला जायचंय? मावसबहिणीकडं, महिनाभर, फिरायला. बाई हसून म्हणाली, मजा करा. परत येताना एसटीत मंगळसूत्र गळ्यात घालायची मला लाज वाटली, म्हणून घरी येईपर्यंत घातलं नाही. हे मी कुणापासून लपवत नाही. खोटं बोलले. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

तिकडची सहा वर्षं म्हणजे काही चैन नव्हती. कपडे धुवायला लॉन्ड्रोमॅट, भाजीला बस, आणि थंडीत दिवसच्या दिवस खिडकीबाहेर माणूस नाही. पण नेहा झाली आणि त्या दोन खोल्या माझ्या झाल्या. फ्रिजवर तिची चित्रं, बेसिनखाली माझी तांदळाच्या पिठाची डबी. मध्ये पासपोर्टची मुदत संपली, तेव्हा न्यूयॉर्कला जाऊन नवा काढला, आता अर्थातच मानसी म्हणून, नवऱ्याच्या नावासकट. जुना कुठंतरी पेटीच्या तळाशी गेला.

मग दिलीप तिथला नागरिक झाला. नागरिकाच्या आईला आणि बायकोला रांग नाही. त्यानं एका दमात दोघींचे अर्ज भरले. आईचे कागद आले. मला मुलाखतीला बोलावलं. माझ्या अर्जात एक प्रश्न होता: याआधी कधी दुसरं नाव वापरलंय का? मी लिहिलं होतं, नाही.

आता हसा. पण आई-बहिणींनो, तुम्ही काय लिहिलं असतं? दुसरं नाव वापरतात ते भामटे. लग्नाआधीचं नाव म्हणजे काय दुसरं नाव असतं? ते तर गेलं, सुटलं, कुणी त्या नावानं पत्रसुद्धा पाठवत नाही. माझ्या मनात तेव्हा पापाचा कणही नव्हता. पाप मी खिडकीपाशी केलं होतं, ह्या ओळीत नव्हे. पण त्या अधिकाऱ्यानं कागद चाळले आणि शांतपणे विचारलं, "मानसी नावाची बाई ह्या देशात उतरल्याची नोंदच नाही. मग तुम्ही आलात कुठून?"

मी सगळं सांगून टाकलं. लग्नाचा अल्बमच सोबत नेला होता, त्यातला तांदळाच्या ताटाचा फोटो काढून दाखवला. दिलीप माझ्या पायावर पाय देत होता, बोलू नको म्हणून. अधिकाऱ्यानं फोटो नीट बघितला, वाईट माणूस नव्हता तो, पण त्याच्या कागदावर दोन बायका झाल्या होत्या. एक कुमारी कुसुम, जी फिरायला आली आणि परत गेलीच नाही. आणि दुसरी मानसी, जी कधी आलीच नाही, पण जिला तिथं मूल झालं. दोघीही खोटारड्या.

वकील म्हणाला, जावं लागेल, आणि पाच वर्षं परत येता येणार नाही. पण आपण वर दाद मागू, सहा महिन्यांत निकाल लागेल, काळजी करू नका. त्या सहा महिन्यांवर आम्ही विसंबलो. नेहाची शाळा नुकतीच सुरू झाली होती, आजी आलेली होती, सहा महिन्यांसाठी पोरीला कशाला हलवायचं? मी तिला ठेवून आले. कुणी काढून घेतली नाही माझ्याकडून, मीच ठेवून आले. आयुष्यात इतर चुका केल्या त्यांच्यावर मी हसू शकते, हिच्यावर नाही.

आणि उतरले कुठं? तर सासूबाईंच्या घरात. सासरे केव्हाच गेलेले, घर बंद पडलेलं. माहेरी सुकापूरला राहिले असते, पण बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले, "लेक सासरी नांदली पाहिजे, बाय." मी म्हटलं, बाबा, नवरा तिकडं, सासू तिकडं, पोर तिकडं, आता नांदू कुणाबरोबर? भिंतींबरोबर? बाबांनाही ते दिसत होतं, पण पंचाहत्तर वर्षांच्या माणसानं नवीन म्हण कुठून आणायची? मी नांदायला गेले. दुसरा मजला, सासूबाईंची तुळस, सासूबाईंचा पाटा, त्यांच्या हातानं धार लावलेली विळी. तिकडं त्या माझ्या गॅसपुढं उभ्या होत्या आणि इकडं मी त्यांच्या. एकमेकींच्या डब्यांत आम्ही हळद शोधत होतो.

पनवेलात 'डिपोर्ट' हा शब्द कुणाला कळेना. 'टाकली' हा सगळ्यांना कळत होता. खालच्या पाटकरकाकू चांगल्या बाई, पण दर चार दिवसांनी जिन्यात विचारायच्या, "काय गं, दिलीपचं पत्रबित्र?" आणि मग आवाज खाली, "पोरगीपण ठेवून घेतली म्हणे?" मी समजावून सांगायचे, कायदा, अर्ज, मुलाखत. त्या मान डोलवायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "असू दे हो, नशीब." हळदीकुंकवाला बोलवायच्या, पण वाण देताना थोडं जपून, सवाष्ण म्हणावी की काय म्हणावी ह्या विचारात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

एकच माणूस होता ज्याला काही समजवावं लागलं नाही. फोनबूथवाले हमीदभाई. ते आठ वर्षं आखातात ड्रायव्हर होते आणि एका सकाळी त्यांना कामावरून उचलून विमानात बसवलं होतं. दर रविवारी सकाळी मी नेहाशी बोलायला त्यांच्याकडं जायचे. पहिल्याच रविवारी फोन ठेवल्यावर मी काचेच्या खोलीतून बाहेरच येईना, तेव्हा त्यांनी बाहेरच्या रांगेला सांगितलं, "जरा थांबा, लाइन खराब आहे." आणि मला म्हणाले, "भाभी, बसा निवांत. आपल्यालाही माहीत आहे हे." त्यांनी मला कधी नशिबाचं नाव घेऊन काही सुनावलं नाही.

सासूबाईंना लिहिता येत नाही, म्हणून त्या कॅसेट पाठवायच्या. येणारं-जाणारं कुणी असलं की त्याच्याबरोबर. आधी अर्धा तास त्यांचं गाऱ्हाणं: "हितं मासली मिलते पन ती मेलेली, थंडगार, तिला चवच नाय. आनि कोनाशी बोलायचा? शेजारीन हसते, मीपन हसते. दोघी हसून दमलो." मग नेहाला पुढं ढकलायच्या. पहिल्या कॅसेटमध्ये नेहा म्हणाली, "मम्मी, मी आज स्वतः बुटाची लेस बांधली." दुसऱ्या वर्षी, "मम्मी, मला स्पेलिंगमध्ये प्राइझ मिळालं." तिसऱ्या वर्षी मराठी गळत गेलं, फक्त शेवटी आजी मागून कुजबुजायची आणि ती म्हणायची, "तू कशी हायस?" माझी अमेरिकन पोर माझ्या सासूच्या गावची भाषा बोलायला लागली होती. मी हसले आणि मग तिची पहिली कॅसेट काढून लावली. कारण ती माझी भाषा नव्हती. तिच्या कुठल्याच शब्दात मी उरले नव्हते.

सहा महिन्यांचा निकाल दोन वर्षांनी लागला, विरोधात. मग तिथला कायदाच कडक झाला आणि माझ्या पाचाची दहा वर्षं झाली असं वकिलानं कळवलं. दिलीपला मी फोनवर म्हटलं, "मग तूच ये ना परत." तो म्हणाला, "येऊन करू काय? जमीन तर राहिली नाही. बेलापूर रोडच्या कंपन्यांना कुलपं लागतायत. आणि नेहाला इथल्या शाळेत कुठल्या वर्गात बसवायची?" त्याचं खरं होतं आणि त्याचा मला संताप यायचा. वर्षभर मी त्याच्याशी नीट बोलले नाही. एका रविवारी तो म्हणाला, "मीही एकटाच जेवतो गं, कारखान्यात," आणि मग माझा राग बसला. पूर्ण नाही, पण बसला.

पोटासाठी आणि वेळ जावा म्हणून मी जुन्या पनवेलात टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. लग्नाआधी इंग्रजी टायपिंगची परीक्षा दिली होती, ती कामी आली. दर काही महिन्यांनी मी तिथल्याच मशीनवर तिकडच्या सरकारला अर्ज टाइप करायचे. एकदा मुलींना स्पीडसाठी उतारा हवा होता, पुस्तकातले सगळे संपले होते. मी माझाच अर्ज दिला. "महोदय, मी एका सात वर्षांच्या मुलीची आई आहे." तेव्हापासून तोच उतारा चालू झाला. पंचवीस मशीन एकदम खडखडायला लागायच्या आणि पंचवीस पोरी माझी गोष्ट एकही चूक न करता लिहायच्या. एकीनं एकदा विचारलं, "मॅडम, हे खरंच पाठवलं होतं का कुणी?" मी म्हटलं, मार्जिन बघ तुझी.

त्या अर्जात काय लिहायचे, ते इथंही सांगते, कारण तिकडून कधीच दोन ओळींपलीकडं उत्तर आलं नाही. मी खोटं बोलले, मान्य. मला शिक्षा करा. दंड करा, रस्ते झाडायला लावा, रोज येऊन सही करायला लावा. पण फिरायला येणाऱ्या बाईला आठवड्यात दार उघडायचं आणि नवऱ्याकडं येणाऱ्या बाईला वर्षानुवर्षं बाहेर उभं करायचं, हा कुठला न्याय? असा नियम केलात तर भलीभली माणसं खोटं बोलायला शिकतात. नवरा-बायकोची रांग काढून टाका. अर्जात एक ओळ वाढवा, लग्नाआधीचं पूर्ण नाव लिहा म्हणून, म्हणजे आमच्यासारख्या हजार जणी अडकणार नाहीत. आणि कुणाला घालवायचंच असेल, तर आधी त्याच्या लेकराला समोर बसवून विचारा. नेहा तुमची नागरिक ना? मग तुमच्या नागरिकाकडून तिची आई काढून घेताना तिला विचारलंत का? शिक्षा मला झाली म्हणतात, पण लेस बांधायला कुणी शिकवलं नाही ते तिला.

नेहा नऊ वर्षांची झाली तेव्हा सासूबाई तिला घेऊन आल्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत, दोन महिन्यांसाठी. जिना चढून आली ती उंच, चष्मा लावलेली, केसांच्या दोन वेण्या. मला "हाय मम्मी" म्हणाली आणि हसली, पाहुण्यांकडं बघून हसतात तशी. मी तिच्यासाठी आंबे आणून ठेवले होते, बोंबील केले होते. आंबे खाल्ले. बोंबलांना नाक मुरडलं. घरात ती आजीच्या मागं मागं हिंडायची आणि मी तिच्या मागं.

दुसऱ्या आठवड्यात गच्चीवर खेळताना ती पडली, गुडघा फुटला, भळाभळा रक्त. मी तिच्यापासून दोन हातांवर पापड उलटत होते, धावले. तिनं माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत हाक मारली, "आजीऽऽ!" सासूबाई जिन्यापाशी होत्या. आल्या नाहीत. तिथंच कठडा धरून थांबल्या आणि मला म्हणाल्या, "जा, तू घे तिला." मी घेतलं. पोर माझ्या कुशीत रडत होती आणि हात तिकडं पसरत होती. मला तिचा राग नाही आला. कुणाचा राग यायला हवा ते मला कळत होतं, पण तो सात समुद्रांपलीकडं फायलीत बसला होता, त्याच्यापर्यंत माझा हात पोहोचत नव्हता.

तरी महिनाभरात ती थोडी माझी झाली. टायपिंगला माझ्याबरोबर यायची, मशीनवर आपलं नाव पन्नासदा काढायची. एकदा तो उतारा तिच्या हाती लागला. सगळा वाचला. म्हणाली, "मम्मी, हे माझ्याबद्दल आहे?" मी हो म्हटलं. त्यानंतर ती माझ्याशेजारी झोपायला लागली.

जायला चार दिवस राहिले तेव्हा सासूबाईंनी आपली बॅग रिकामी करून लुगडी कपाटात लावून ठेवली. मी म्हटलं, आई, हे काय? त्या म्हणाल्या, "मी नाय जायची. तिकडं बापलेक दोघां हायत. तू हितं एकटी हायस, भूतासारखी. पोरीला विमानात सोडू, दिल्पा तिकडं घेल."

"वर्षभर गेला नाहीत तर तुमचं कार्ड जाईल."

"जाव दे. सुनेला येव देत नाय त्या देशात मना काय करायचा हाय?"

सांगू का, मला काय वाटलं ते? चार वर्षांत कुणी माझ्या बाजूनं इतकं उभं राहिलं नव्हतं. मला वाटलं, राहू दे हिला. संध्याकाळी कुणीतरी घरात असेल, चहा दोन कप टाकता येईल, भांडायला माणूस असेल. दोन दिवस मी लुगडी कपाटातच राहू दिली. मग तिसऱ्या दिवशी सकाळी नेहा वेणी घालून घ्यायला आली. मी कंगवा घेतला. ती पाठ करून बसली आणि सहज म्हणाली, "आजी नाही आली तर मी स्कूलला जाताना घराची की कुठं ठेवायची?"

मी उठले आणि सासूबाईंची लुगडी बॅगेत भरायला लागले. त्यांनी ती परत बाहेर काढली. मी परत भरली. सुनेनं सासूवर ओरडायचं नसतं, मी ओरडले. "तिला दार कोण उघडणार? ताप आला तर कोण बसणार? तिला तुम्ही हव्यात!"

"तिला आई हवी हाय."

"आई मीच ना तिची? मग आईचं ऐका. जा."

सासूबाई खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मीपण. नेहा दारात एका वेणीनिशी उभी होती. मग तिनंच कंगवा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मम्मी, दुसरी राहिली."

दोघी गेल्या. मी पोहोचवून सकाळी एसटीनं परत आले, तोंड धुतलं, कामाला गेले. लोकांना वाटतं मला तिकडच्या सरकारनं दूर केलं. पहिल्यांदा केलं, खरं आहे. दुसऱ्यांदा मी स्वतःच्या हातानं केलं, आणि परत तसंच वागायची वेळ आली तर परत तसंच वागेन. अजून सहा वर्षं आहेत. तेव्हा नेहा पंधरा वर्षांची असेल आणि तिला वेणी घालून घ्यायची नसेल.

तुम्ही जे तिकडं गेलात आणि ज्यांचे कागद नीट आहेत, त्यांनी एवढंच करा: ज्यांचे नाहीत त्यांना हसू नका. आणि तुम्ही जे इथं आहात, जिन्यात भेटलात तर मला घर कुठं म्हणून विचारू नका. मी पत्ता सांगते, दुसरा मजला, डावीकडचं दार, पण ते सासूबाईंचं घर आहे. त्यांची तुळस मी जगवलीय, विळीला धार लावून घेतलीय, पाऊस लागायच्या आत गच्चीला डांबर मारून घेतलंय. माझं घर तिकडं आहे आणि ते त्या सांभाळतात. शाळेतून आलेल्या पोरीला दार उघडतात. दर कॅसेटवर एकच विचारतात, "मी कदी येव?" आणि मी दर वेळी फोनवर त्यांना सांगते, अजून नाही. आम्हा दोघींनाही आपापल्या घरी जायचंय.